लायसन आलं, लाईन बाकी आहे

(दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी. टॉवेलच्या गाठी हमालांच्या पाठीवरून ट्रकमध्ये चढताहेत.)

सोलापूर हे रस्त्यांच्या नाक्यावरचं शहर. पुण्याकडून येणारा 65 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथून हैदराबादला जातो. 52 क्रमांकाचा महामार्ग एकीकडे तुळजापूर, बीडवरून धुळ्याकडे, तर दुसरीकडे विजयपूरकडे. इथल्या चादरी आणि टॉवेल, बाजार समितीतला कांदा, होटगी भागातलं सिमेंट, फताटेवाडीच्या वीज प्रकल्पातली राख, पाकणीच्या डेपोतलं डिझेल, सगळं चाकांवरच हलतं. म्हणून यंत्रमागावरचं काम कमी झालं की इथल्या घरात पहिला विषय निघतो तो ड्रायव्हरकीचा.

तिशीतला एक माग कामगार आम्हाला भेटला. नाव सांगू नका म्हणाला. मालाचा छोटा टेम्पो त्यानं गावात बरेच दिवस चालवलाय. आता त्याला लाईनवर जायचंय, म्हणजे हैदराबाद, बंगळुरू, जमेल तेव्हा दिल्लीसुद्धा. घरच्यांना वाटतं, चालवता तर येतंच, मग अडलंय कुठं?

पहिली अडचण कागदाची. ती सरळ आहे, पण वेळ खाते. ट्रकसारखं व्यावसायिक वाहन चालवायला वयाची 20 वर्षं पूर्ण लागतात. हलक्या वाहनाचं लायसन किमान वर्षभर जुनं असल्याशिवाय अवजडचं शिकाऊ लायसन निघत नाही. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला. पूर्वी आठवी पासची अट होती, ती 2019 मध्ये निघाली. शाळा अर्धवट सोडून मागावर बसलेल्या कितीतरी जणांना त्यामुळं हा रस्ता मोकळा झाला. पाकणीहून पेट्रोल-डिझेलचा टँकर न्यायचा असेल तर धोकादायक मालाचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसनवर तशी नोंद लागते. नवख्यानं तिकडं लगेच वळू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य: मोकळं मैदान. दहा टायरी ट्रक. शेजारी उस्ताद.)

हेवी लायसन हातात पडलं की लोक पेढे वाटतात. खरी शिकवणी त्यानंतर सुरू होते. एके काळी ती आपोआप व्हायची. पोरगा क्लीनर म्हणून गाडीवर चढायचा, वर्षानुवर्षं काच पुसायचा, टायर बदलायचा, उस्तादाचा चहा आणायचा, आणि रिकाम्या रस्त्यावर कधीतरी स्टेअरिंग त्याच्या हातात यायचं. आता खर्च परवडत नाही म्हणून अनेक मालक क्लीनर ठेवत नाहीत. मागावरून थेट केबिनमध्ये येणाऱ्या माणसाला ती वर्षं मिळतच नाहीत. ती कुठून तरी भरून काढावी लागतात, आणि आमच्या मते या तयारीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

आमच्या कामगारानं एक उस्ताद गाठलाय. आयुष्य हैदराबाद लाईनवर गेलेला, आता गुडघ्यांमुळं घरी बसलेला. पहिल्या सकाळी कामगारानं चावी फिरवली, बझर ओरडायला लागला आणि त्यानं गियर टाकायला हात नेला.

"घाई कशाला करतो बे? काटा बघ आधी."

हवेच्या दाबाचा काटा हळूहळू वर सरकतो. या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीत पुरेशी हवा भरेपर्यंत गाडी हलवायची नसते, आणि बझर तेच सांगत असतो. तेवढ्या वेळात खाली उतरून फेरी मारायची. उस्तादानं हातात टामी, म्हणजे लोखंडी पहार, दिली आणि एकेक टायर ठोकायला लावला. हवा भरलेला टायर टणक बोलतो, टामी उसळून परत येते. कमी हवेचा टायर भद्द वाजतो. मागच्या जोडीतला आतला टायर डोळ्यांना नीट दिसत नाही, तिथं भरवसा कानांवरच. आतला बसला असेल तर सगळं वजन बाहेरच्यावर येतं, तो तापतो आणि भर रस्त्यात फुटतो. कामगारानं एका टायरवर दोनदा ठोकलं, कान जवळ नेला, पुन्हा ठोकलं. उस्ताद काही बोलला नाही. बोलला नाही म्हणजे बरोबर होतं.

मग ताडपत्री. टॉवेलच्या गाठी पावसात भिजल्या तर माल घेणारा उभं करत नाही. रस्सी फाळक्यापासून, म्हणजे ट्रकच्या मागच्या फळीपासून, कशी ओढायची, कुठं आवळायची, हे एका दिवसात येत नाही. शहर सोडल्यावर थोड्या अंतरावर गाडी बाजूला घेऊन रस्सी पुन्हा बघायचीच, कारण हादऱ्यानं माल बसतो आणि रस्सी सैल पडते. कागदही तिथंच पुन्हा चाळायचे. राज्याबाहेर जाणाऱ्या 50,000 रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना, लागतं. दर 200 किलोमीटरला त्याची मुदत एक दिवस, म्हणजे हैदराबादच्या फेरीला दोन दिवस. वाटेत गाडी बंद पडली तर मुदत संपायच्या बेतात मालकाला फोन गेला पाहिजे.

(दृश्य: घाटातला उतार, मागून घेतलेला ट्रक.)

सोलापूरचा भाग सपाट. इथं गाडी शिकलेल्याला घाट माहीत नसतो. ज्या गियरला चढ चढलो त्याच गियरला उतार उतरायचा, हा जुना नियम. सारखा ब्रेक दाबत उतरलं तर ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारे आजही आहेत. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर अवजड गाड्यांचे किती अपघात झाले, ते महाराष्ट्रानं वर्षानुवर्षं बातम्यांत पाहिलंय. दोन-चार लिटर डिझेलसाठी कुणाचा तरी संसार जातो. हे वाक्य आम्ही जरा आवाज चढवूनच वाचतोय.

झोपेचंही तेच. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं पाच तास काम झालं की किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती; 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. रस्त्यावर ती कितीजणांना मिळते? माल अमुक वाजता पोचलाच पाहिजे, असा फोन सतत येत असतो. पहाटे दोन ते पाच डोळे जड होतात, चहानं ते हलके होत नाहीत. उस्तादाचा सल्ला एकच: जांभई आली की पुढचा ढाबा. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा 42 च्या पुढं जातो. 2025 पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय, ही चांगलीच गोष्ट. पण नवख्याच्या वाट्याला येते ती जुनी गाडी. दुपारी केबिनमध्ये झोप लागत नाही आणि रात्री ती वसूल होते.

सोलापूरकराकडं एक शिदोरी मात्र आधीच बांधलेली असते. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात कन्नड कानावर पडत तो वाढलेला असतो. टाकळीजवळ भीमेचा पूल ओलांडला की कर्नाटक. तिथं पंक्चरवाल्याशी, हमालाशी, पोलिसाशी त्यांच्या बोलीत दोन शब्द बोलता आले तर अर्धं काम होतं. आणि खरीखुरी शिदोरी म्हणजे कडक भाकरी. पापडासारखी कडकडीत, दिवसेंदिवस टिकणारी, सोबत शेंगाची चटणी. आमच्या कामगाराची बायको आम्हाला डबा दाखवत होती. "अहो, रोज ढाब्यावरचं तेलकट खाऊ नका, बीपी वाढतं," हे तिनं आमच्यासमोर त्याला तिसऱ्यांदा सांगितलं. विम्याचा फॉर्मही तिनंच बँकेतून आणलाय. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. ते कमी आहे, पण पहिल्या फेरीआधी असायलाच हवं.

(दृश्य: ट्रान्सपोर्ट ऑफिसबाहेर चहाची टपरी.)

राहिली पैशाची बोलणी. इथं नवखा माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसला की फसतो. महिन्याचा पगार की फेरीचे पैसे? भत्ता दिवसावर की किलोमीटरवर? ओव्हरलोडचं चलान आलं तर भरणार कोण? माल उतरायला दोन दिवस लागले, गाडी खोटी झाली, म्हणजे नुसती अडकून उभी राहिली, तर त्या दिवसांचं काय? टायर फुटला तर पगारातून कापणार का? हे सगळं गाडीची चावी घ्यायच्या आधी विचारायचं, आणि शक्य तर चार माणसांसमोर.

आमच्या कामगारानं विचारलं. मालकानं पगार सांगितला, भत्ता सांगितला, चलानाचंही कबूल केलं. खोटीचं "बघू नंतर" म्हणाला. पहिली फेरी पुण्याची ठरलीय, टॉवेलच्या गाठी घेऊन, दिवसाउजेडी, शेजारच्या सीटवर उस्ताद. हैदराबाद त्यानंतर. पण खोटीचा आकडा ठरल्याशिवाय हैदराबादची बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात घ्यायची नाही, असं उस्तादानं त्याला बजावून ठेवलंय. उद्या सकाळी तो पुन्हा मालकाकडं जाणार आहे.