शिकवणारा एकच, मग शिकणाऱ्यांची उमेद वेगळी का?

नमस्कार मंडळी. दापोलीजवळच्या एका रोपवाटिकेतून बोलतोय. मागे पिशव्यांमध्ये आंब्याच्या कोयी रुजून आल्यात, बघा. पानं अशी कोवळी, तांबूस आहेत तोवरच कोय कलम बांधून घ्यायचं, म्हणजे या रोपावर चांगल्या जातीची काडी बसवायची. देठ निबर झाला की उशीर झाला.

गेल्या पावसाळ्यात इथे तिघं एकाच काकांच्या हाताखाली शिकत होती. चाकू तोच, हापूसच्या काड्या त्याच. पण एक मुलगा काकांच्याही आधी हजर असायचा. दुसरा सांगितलं तेवढंच करायचा. आणि तिसरी, एक मुलगी, दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. "तिला आवडच नाही," असं सगळे म्हणायचे. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

1964 साली व्हिक्टर व्रूम या मानसशास्त्रज्ञाने एक मांडणी केली. माणूस कामात किती जीव ओतेल, हे तीन प्रश्नांवर ठरतं. मेहनत घेतली तर मला जमेल का? जमलं तर त्यातून काही हाती लागेल का? आणि जे हाती लागेल, ते मला हवंय का? या तिन्हींचा गुणाकार होतो, बेरीज नाही. एका ठिकाणी शून्य आलं की बाकीचे दोन आकडे कितीही मोठे असू देत, उत्तर शून्यच.

पहिल्या मुलाच्या घरची बाग आहे. त्याची तिन्ही उत्तरं घरूनच आलेली. दुसऱ्याचा हात चांगला होता, पण मन बोटीवर. जून-जुलैची मासेमारी बंदी म्हणून तो इथे आलेला, 1 ऑगस्टची वाट बघत. त्याचं शून्य तिसऱ्या प्रश्नावर, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

मुलीला मात्र स्वतःची रोपवाटिका काढायची होती. तिचं शून्य पहिल्याच प्रश्नावर होतं. काडी पाचरीसारखी तासायची, खुंटाच्या, म्हणजे खालच्या रोपाच्या, चिरेत बसवायची, पट्टी घट्ट बांधायची. जमलं की नाही, हे कळायला दोन-तीन आठवडे! तिच्या पहिल्या खेपेतल्या बऱ्याच काड्या काळ्या पडल्या. काका दोघांनाही म्हणायचे, "जरा नीट बघ." बागवाल्या मुलाला ती सूचना वाटायची, हिला निकाल.

आणि काकांची वागणूक तरी सगळ्यांशी सारखी होती का? काका प्रेमळ माणूस, मुद्दाम भेद कधीच करणार नाहीत. पण मोहोर, तुडतुडे यांवरच्या गप्पा रंगायच्या त्या बागवाल्याशीच. नवं काम आधी त्याच्याच हातात जायचं. जॉर्ज ग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये हेच दाखवलं होतं: वरिष्ठाचं नातं अख्ख्या गटाशी एकसारखं नसतं, ते एकेकाशी वेगळं जुळतं.

मी काकांशी बोललो. "तुला जमेल गो" एवढ्याने भागत नाही. अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलंय की आत्मविश्वासाचा सगळ्यात पक्का आधार म्हणजे स्वतःच्या हातून झालेलं काम. मग काकांनी तिला लाल दोऱ्याचं रीळ दिलं. पुढच्या खेपेतल्या तिच्या प्रत्येक कलमाला एक दोरा. रोज संध्याकाळी दहा मिनिटं काका तिच्या शेजारी बसून फक्त तिचा काप बघायचे.

ऑगस्टमध्ये एका सकाळी काका म्हणाले, "बाय, फुटलेली मोज."

लाल दोऱ्याची सतरा निघाली. तिने पुन्हा पहिल्या पिशवीपासून मोजायला सुरुवात केली.