ॲम्पमध्ये जे जास्त आहे, ते स्पीकरमध्ये कमी हवं

गिटारचा हाय-गेन, म्हणजे आवाज मुद्दाम खूप फाटवणारा ट्यूब ॲम्प हातात आला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कॅबमध्ये व्हिंटेज ३० टाकू ना?" कॅब म्हणजे स्पीकरची पेटी, आणि व्हिंटेज ३० हा गिटारचा एक स्पीकर. विचारणाऱ्याला खरं तर उत्तर नको असतं, होकार हवा असतो. तो मी लगेच देत नाही. आधी उलट विचारतो. तुमच्या ॲम्पवर मिडचा, म्हणजे मधल्या सुरांचा नॉब कुठे असतो? ट्रेबल वाढवली तर चमक येते की कान दुखतात? बेस वाढवला की रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी गिटारची ओळ, जाड होते की गढूळ? एवढ्यावर निम्मा निर्णय होऊन जातो. ॲम्पमध्ये जे मुळातच जास्त आहे ते स्पीकरमध्ये कमी हवं, आणि ॲम्पमध्ये जे नाही ते स्पीकरने भरून काढावं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. मधे थोडं भौतिकशास्त्र येईल, त्याला इलाज नाही.

कमी गेनच्या जुन्या ॲम्पमध्ये स्पीकर स्वतःही डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाज फाटण्याला हातभार लावतो. पंधरा-वीस वॅटचा स्पीकर असतो, ॲम्प पूर्ण उघडलेला असतो, कागदाचा कोन, म्हणजे शंकूसारखा पडदा, ताणाखाली वाकतो, कुरकुरतो, आणि तेच आपल्याला आवडतं. हाय-गेनची गोष्ट वेगळी. तिथे १२एएक्स७ ट्यूबच्या तीन-चार पायऱ्या एकापुढे एक असतात, आणि मागच्या पायरीने चपटा केलेला सिग्नल पुढची पायरी आणखी चपटा करते. चांगल्या डिझाइनमध्ये बेस सुरुवातीलाच कापलेला असतो, कारण जाड बेस या सगळ्या पायऱ्यांतून गेला तर रिफमधला एकही सूर सुटा ऐकू येत नाही. कापलेला बेस मग शेवटी परत भरला जातो. म्हणजे सिग्नल स्पीकरपाशी पोचतो तेव्हा डिस्टॉर्शन तयार होऊन संपलेलं असतं. स्पीकरकडे उरतं ते मुख्यतः फिल्टरचं काम.

हा फिल्टर किती मोठं काम करतो ते ऐकायचं असेल तर ॲम्पच्या प्रीॲम्पमधून लाइन आउट काढा आणि साध्या म्युझिक सिस्टिमला जोडून पाहा. डबीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा आवाज येतो. कारण सरळ आहे. चपटी झालेली लहर म्हणजे हार्मोनिक्सचा, मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या सुरांचा ढीग, आणि तो दहा हजार हर्ट्झच्याही वर जातो. गिटारचा बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या आसपास हात वर करतो आणि त्याच्या वरचं जवळजवळ काही वाजवत नाही. हाय-फाय स्पीकरमध्ये ही त्रुटी ठरली असती. इथे तिच्यामुळेच डिस्टॉर्शन ऐकवतं. म्हणून दोन गिटार स्पीकरमधला फरक शोधायचा असेल तर दोन जागी कान द्या. एक, दोन ते चार हजार हर्ट्झचा पट्टा, जिथे पिकचा घाव आणि धार असते. दुसरी, तळाला शंभर हर्ट्झच्या आसपासची जागा, जिथे पाम म्यूटचा, म्हणजे तळहात तारांवर टेकवून वाजवलेल्या सुराचा धक्का असतो.

तळाच्या धक्क्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथे ट्यूब ॲम्पची खोड कामाला येते. स्पीकरवर "८ ओहम" छापलेलं असतं, पण तो आठ ओहम कुठल्यातरी एका मधल्या पट्ट्यातच असतो. मल्टिमीटर लावाल तर साडेसहा-सात ओहम दिसतील, कारण मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. वाजताना मात्र स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा एकूण अडथळा, वारंवारतेप्रमाणे बदलतो. कोनची जी स्वतःची अनुनाद वारंवारता असते तिथे तो कित्येक पटींनी वर जातो, मग खाली येतो, आणि वरच्या बाजूला व्हॉइस कॉइलच्या, म्हणजे कोनला जोडलेल्या तारेच्या वेटोळ्याच्या, इंडक्टन्समुळे पुन्हा चढत जातो. ट्रान्झिस्टर ॲम्पला या चढउताराचं फारसं सोयरसुतक नसतं, तो व्होल्टेज जवळपास सारखं ठेवतो. ट्यूब ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स बराच असतो. त्यामुळे जिथे स्पीकरचा इम्पीडन्स वर जातो तिथे ॲम्प जास्त व्होल्टेज देतो. परिणामी तळाला एक उंचवटा येतो आणि वर एक उतार चढतो. ट्यूब ॲम्प "जिवंत" वाटतो असं आपण म्हणतो त्यातला बराचसा भाग हा आहे. ॲम्पच्या मागे रेझोनन्स किंवा डेप्थ नावाचा नॉब असेल तर तो तळाचं निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटमधून मागे फिरवलेला आणि आवाज आवरणारा सिग्नल, कमी करून हाच उंचवटा वाढवतो. प्रेझेन्सचा नॉब तेच वरच्या बाजूला करतो.

आता हिशोब पाहा. गिटारची सगळ्यात जाड मोकळी तार, ई, सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते. सात तारांच्या गिटारवरचा खालचा बी सुमारे ६२ हर्ट्झवर. व्हिंटेज ३०चा मोकळ्या हवेतला अनुनाद ७५ हर्ट्झ आहे, आणि बंद कॅबमध्ये आतल्या हवेच्या स्प्रिंगमुळे तो आणखी वर सरकतो. म्हणजे खालच्या बीचा मूळ सूर या कॅबमधून फारच क्षीण येतो. आपण ऐकतो तो त्याचा दुसरा हार्मोनिक, १२३ हर्ट्झच्या आसपासचा, आणि मेंदू बाकीचं भरून घेतो. म्हणून खालच्या ट्युनिंगमध्ये वाजवणाऱ्याने "जास्त बेस देणारा स्पीकर" शोधत बसू नये. उंचवटा कुठे पडतो आणि तिथे कोन लगेच थांबतो की डोलत राहतो, हे बघावं. जड चुंबकाचा स्पीकर सहसा लवकर थांबतो. मोकळ्या पाठीच्या कॅबमध्ये तोच स्पीकर सैल वाटतो, कारण हवेचा आधार नसतो आणि मागून येणारी लहर तळ खाते. हाय-गेनसाठी बंद पाठीचा कॅब, हा माझा आग्रह आहे.

आता नावांकडे येऊ. सेलेस्टियन कंपनीचा व्हिंटेज ३० हा १९८६ सालचा. ६० वॅट, संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच शक्तीत किती मोठा वाजतो ते, १०० डेसिबल, चुंबक मोठं. दोन ते तीन हजार हर्ट्झच्या मधे त्याला एक ठळक उठाव आहे. मेसा कंपनीच्या रेक्टिफायरसारखे जाड, तळ सैल आणि मिड दबलेले ॲम्प त्याच्यावर एकदम उभे राहतात, कारण त्यांच्यात जी धार कमी असते ती स्पीकर पुरवतो. मेसाच्या रेक्टिफायर कॅबमध्ये तो असतो, त्यामागचं कारण हेच असावं. पण तुमचा ॲम्प मुळातच वरच्या मिडमध्ये बोलणारा असेल, तर त्याच पट्ट्यात आणखी एक उठाव चढतो आणि दुसऱ्या गाण्यापर्यंत कान थकतात.

याच्या उलट टोकाला सेलेस्टियनचाच जी१२टी-७५. ७५ वॅट, ९७ डेसिबल. मार्शल कंपनीच्या '१९६०' नावाच्या कॅबमध्ये वर्षानुवर्षं हाच. मिड पोकळ, वर चमक, तळ थोडा सैल. मिडने ठासून भरलेल्या मार्शल ॲम्पवर तो समतोल आणतो. मिड आधीच कापलेल्या ॲम्पवर लावलात तर एकट्याने वाजवताना भव्य वाटतो, आणि ड्रम व बेस गिटार सुरू झाले की गायब होतो. हा फसवा अनुभव फार जणांना येतो.

ग्रीनबॅक, म्हणजे जी१२एम, २५ वॅटचा. मिड मऊ, वरचा टोकदारपणा कमी, तळ घट्ट नाही. हाय-गेनमध्ये चार ग्रीनबॅक फार सुंदर लागतात, पण चार मिळून १०० वॅट होतात हे लक्षात ठेवा. तो स्वर आवडत असेल आणि वॅटची भीती वाटत असेल तर त्याच कुळातले क्रीमबॅक आहेत, ६५ आणि ७५ वॅटचे. इलेक्ट्रो-व्हॉइसचा ईव्हीएम१२एल हा तर वेगळाच प्राणी. प्रचंड चुंबक, २०० वॅट, कोन जवळजवळ वाकतच नाही. तळ दगडासारखा घट्ट. पण वर तो सेलेस्टियनपेक्षा जास्त उघडा आहे, त्यामुळे ॲम्पमधली खरखर झाकत नाही. ज्याचा ॲम्प खरोखर चांगला आहे त्यानेच त्याच्या वाटेला जावं. आणि उचलायला दुसरा माणूस सोबत ठेवावा.

वॅटचा प्रश्न पटकन उरकू. १०० वॅटचा ॲम्प म्हणजे न फुटलेल्या साइन लहरीवर १०० वॅट. त्याच उंचीची चौकोनी लहर दुप्पट शक्ती वाहते. प्रत्यक्षात पॉवर सप्लाय दबतो आणि आकडा दुपटीपर्यंत जात नाही, पण हाय-गेनचा सिग्नल चपटा आणि सलग असतो, व्हॉइस कॉइलला थंड व्हायला वेळ मिळत नाही. चार व्हिंटेज ३० म्हणजे २४० वॅट, निश्चिंत राहा. दोन म्हणजे १२०, सरावाला पुरे, पण मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा नॉब, पूर्ण उघडू नका. एकटा व्हिंटेज ३० १०० वॅटच्या ॲम्पला जोडू नका.

ओहमच्या बाबतीत मात्र हयगय नको. सोळा ओहमचे चार स्पीकर दोन-दोन सीरिजमध्ये आणि त्या दोन जोड्या पॅरलल, एकूण सोळाच. आठ ओहमचे चार तसेच जोडले तर आठ. दोनच स्पीकर असतील तर पॅरललमध्ये निम्मे, सीरिजमध्ये दुप्पट. ॲम्पचा सिलेक्टर त्या आकड्यावर ठेवा. आणि ट्यूब ॲम्प कॅब न जोडता कधीही वाजवू नका. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर, म्हणजे ट्यूबच्या बाजूच्या वेटोळ्यावर, व्होल्टेज उसळतं, इन्सुलेशन फुटतं, ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी पडून कोळशाचा काळा माग उमटतो. दुरुस्तीला आलेल्या ॲम्पमध्ये तो माग दिसला की मी मालकाला पहिला प्रश्न केबलचा विचारतो. बरेचदा ॲम्प आणि कॅब यांच्यामध्ये गिटारची शील्ड केबल लावलेली असते. ती पातळ असते, तापते, आतून तुटते, आणि भार नाहीसा होतो. तिथे स्पीकर केबलच हवी.

आता ऐकायचं कसं. बारा इंच म्हणजे तीस सेंटिमीटर, आणि एक हजार हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण चौतीस. त्याच्या वर गेलं की आवाज पसरत नाही, झोतासारखा सरळ जातो. तुम्ही कॅबपासून दोन हातांवर उभे, कान कॅबच्या वर, मांड्यांना सगळी धार लागतेय आणि कानाला गोल, मऊ आवाज. म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता. समोरच्या रांगेतला श्रोता मात्र थेट त्या झोतात बसलेला असतो. स्पीकरची निवड करताना कॅब खुर्चीवर चढवा किंवा तुम्ही खाली बसा, पण कान आणि कोन एका पातळीवर आणा. मग बाजूला सरका. बाजूलाही जो स्पीकर बरा वाटतो तो बँडमध्ये टिकतो. आणि हे सगळं ड्रमच्या सोबतीने, खऱ्या आवाजात. हळू आवाजात आपला कान तळ आणि टोक कमी ऐकतो, त्यामुळे घरी निवडलेला पोकळ मिडचा स्पीकर तालमीत दगा देतो. नवा कोरा स्पीकर असेल तर त्याची कड ताठ असते. काही आठवडे वाजवल्यावर ती सैलावते आणि वरचा टोचरेपणा थोडा उतरतो, म्हणून पहिल्याच दिवशी निकाल लावू नका.

एकाच कॅबमध्ये दोन प्रकारचे स्पीकर मिसळण्याबद्दल श्रोत्यांतून चिठ्ठी आली आहे: "माझ्या कॅबमध्ये चार जी१२टी-७५ आहेत. सगळे बदलू का?" नाही. दोनच बदला, आणि तेही कर्णरेषेत, म्हणजे वर डावा आणि खाली उजवा. तिथे व्हिंटेज ३० घाला. व्हिंटेज तीन डेसिबलने जास्त मोठा आहे, तेवढा फरक मिळवायला एरवी ॲम्पची शक्ती दुप्पट करावी लागते, म्हणून पुढचा आवाज त्याचाच राहील आणि ७५ मागून तळ व चमक भरेल. दोघांचा ओहम सारखा घ्या. कॅबची क्षमता आता सगळ्यात लहान स्पीकरवरून मोजायची, म्हणजे ६० गुणिले चार.

तारा जोडून झाल्या की नऊ व्होल्टची बॅटरी घ्या. केबलच्या पिनच्या टोकाला धन, बाहेरच्या भागाला ऋण, क्षणभर टेकवा. चारही कोन एकदम बाहेर यायला हवेत. एक जरी आत गेला तर त्याच्या तारा उलट्या आहेत, आणि तसा कॅब वाजवलात तर तळ नाहीसा होईल आणि तुम्ही विनाकारण स्पीकरला दोष द्याल. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. एकाच बाजूने घट्ट केले तर फ्रेम पिळते. शेवटी दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून तो हलकेच आत दाबा आणि कान लावा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल मध्यावर नाही. स्क्रू सैल करून पुन्हा बसवा.