छाटणीची तारीख सांगा

पहाटेचे सव्वासहा. नोव्हेंबर महिना, निफाड तालुक्यातली एक द्राक्षबाग. रात्री अवकाळीची सर येऊन गेलीय, पानांवरून अजून थेंब ओघळतायत. एक हात पान उलटं करतो. वरून तेलाचा डाग पडल्यासारखा पिवळट ठिपका, खालून पांढरी बुरशी. फोटो द्राक्ष बागायतदारांच्या मोबाईल ग्रुपवर जातो. सोबत तीन शब्द: ‘आप्पा, डावणीच ना?’ डावणी म्हणजे द्राक्षवेलीवरचा बुरशीचा रोग.

सात वाजायच्या आत उत्तर येतं. ‘डावणीच. तुझी छाटणी १२ ऑक्टोबरची, फुलोरा तोंडावर आलाय. आज थांबू नकोस.’ फुलोऱ्याआधी डावणी घडावर गेली, तर हाती आलेला माल डोळ्यांदेखत जातो. इथे एकेक तास मोलाचा असतो.

दोन वर्षांपूर्वी हाच ग्रुप मुका होता. सुरू झाला तेव्हा उत्साहाच्या भरात एका रात्रीत दोनशेवर नंबर जोडले गेले. मग सकाळी फुलांची चित्रं, दुपारी औषधांच्या जाहिराती. एका बागायतदारानं घड जिरल्याचा, म्हणजे कोवळे घड वाढायच्या ऐवजी नाहीसे झाल्याचा, फोटो टाकला. चार दिवस कुणी बोललं नाही. त्यानं पुन्हा कधी काही विचारलं नाही, आणि ते बघून बाकीच्यांनीही नाही.

चालवणाऱ्या दोघांनी तो बंद केला आणि अकरा जणांना घेऊन नव्यानं मांडणी केली. सगळे एकमेकांच्या बागेत जाऊन आलेले. रोज संध्याकाळी दोघांपैकी एक जण स्वतःच्या बागेतली अडचण टाकायचा. खरीखुरी, फसलेली फवारणीसुद्धा. कुणाचा प्रश्न तासभर तसाच पडून राहिला, तर जाणत्या माणसाला फोन जायचा: ‘नाना, जरा ग्रुपवर बघा ना, पोरानं काही विचारलंय.’ हे काम कुणाला दिसत नाही, त्याचं कौतुकही होत नाही. पण अख्खा पहिला हंगाम त्या दोघांनी हेच केलं.

त्यांचा एक नियम आम्हाला फार आवडला. नव्या माणसानं नाव-गाव सांगायचं आणि पुढे तीन गोष्टी लिहायच्या: वाण, जमीन, छाटणीची तारीख. ‘थॉमसन, काळी, १२ ऑक्टोबर.’ बागायतदाराला एवढ्यावरून बाग डोळ्यांसमोर दिसते. एकाच आठवड्यात छाटलेल्या बागा साधारण एकाच अवस्थेतून जातात, त्यामुळे न भेटलेली माणसंही एकमेकांची सोबती होतात. आणि सटाण्याकडचे अर्लीवाले? त्यांची छाटणी जुलै-ऑगस्टपासूनच सुरू होते. त्यांनी यंदा काय सोसलं, ते निफाडला कात्री लागायच्या आधी कळतं. म्हणून बागलाणातली, म्हणजे सटाण्याच्या तालुक्यातली, माणसं मुद्दाम गाठून आणली.

जाहिराती बंद. औषध सुचवायचं, तर प्रमाण आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, दोन्ही लिहायचं. २०१० साली युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे, बागायतदारांच्या भाषेत सीसीसीचे, अंश सापडले आणि माल नाकारला गेला. ती जखम इथले लोक विसरलेले नाहीत.

रविवारी शिवारफेरी. आज याच्या बागेत, पुढच्या खेपेला त्याच्या. मोबाईलवर ओळख झालेला माणूस बांधावर चहा पिताना भेटतो, काडी हातात घेऊन वाद घालतो. शेजारचे दोघे-तिघे कुतूहलानं येऊन उभे राहतात. नवी माणसं येतात ती अशीच.

दिंडोरीकडच्या एक ताई वर्षभर फक्त वाचत होत्या. शिवारफेरी त्यांच्या शेजारच्या बागेत आली, तेव्हा कुंपणाशी थांबून ऐकत राहिल्या. त्या रात्री साडेदहाला त्यांचा पहिला प्रश्न आला: ‘थॉमसन, मुरमाड, १८ ऑक्टोबर. काड्या बारीक राहिल्यात. घड किती ठेवू?’

पाच मिनिटांत उत्तर: ‘ताई, काडीचा फोटो पाठवा. शेजारी पेन्सिल धरा, म्हणजे जाडी कळेल.’

अकराच्या आत फोटो आला. बॅटरीच्या उजेडात एक काडी, आणि तिला चिकटून धरलेली पोराच्या दप्तरातली पेन्सिल.