टाकळ्याचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार. पहिला पाऊस मुरला की कोकणात वाटेच्या कडेनं टाकळा ही रानभाजी उगवते. वीतभर, कोवळा असतो तोवरच खायचा.

लग्नानंतरचा माझा पहिला पावसाळा. सासर सावंतवाडीकडचं. सासूबाई लावणीला गेलेल्या, म्हणून मी हौसेनं टाकळा रांधायला घेतला. पालेभाजी आधी उकडून पिळायची, ही माहेरची सवय. उकडला, घट्ट पिळला. हिरवंगार पाणी मोरीत ओतायला आणि सासूबाई मागल्या दारी यायला एकच गाठ पडली. पायाला चिखल तसाच. "अगो, सगळा सत्त्व मोरयेत ओतलंस!" ओरडल्या नाहीत, कळवळल्या. तशाच परसात गेल्या, ओंजळभर टाकळा खुडून आणला. आधी धुतला, मग चिरला. तेलावर कांदा, हिरवी मिरची, उकडलेल्या फणसाच्या आठळ्या, वर टाकळा आणि झाकण. पाणी थेंबभरही नाही. शेवटी ओलं खोबरं. ताटात दोन्ही भाज्या शेजारी वाढल्या. माझी काळपट, त्यांची हिरवी.

सासूबाई म्हणाल्या ते सत्त्व म्हणजे बऱ्याच अंशी अँटिऑक्सिडंट. शरीरात फ्री रॅडिकल नावाचे अस्थिर रेणू तयार होतात. त्यांना एक इलेक्ट्रॉन कमी असतो, तो ते शेजारच्या रेणूंकडून ओरबाडतात. अँटिऑक्सिडंट आपल्याजवळचा देऊन टाकतात. त्यातलं क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, म्हणून पाणी ओतू नका. दुसरं, बीटा कॅरोटीन, तेलात विरघळतं, म्हणून तेलाची फोडणी हवी. पुन्हा सांगते: टाकळ्याचं पाणी ओतू नका, तेलाला कंजुषी नको. भारंगी या दुसऱ्या रानभाजीचं मात्र वेगळं, ती कडू. तिला उकडून पिळावंच लागतं.

आणि हे गोळ्यांतून मिळेल असं समजू नका. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त आढळला. निष्कर्ष 1994 मध्ये आले. डबाबंद 'सुपरफूड'ला आपण मागतील ते पैसे मोजतो आणि पहाटे रान तुडवून आलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, याचा मला फार राग येतो. तिच्याकडूनच घ्या, कारण तिला पाला ओळखता येतो.

स्वतः खुडणार असाल तर ओळखीच्या माणसाला सोबत न्या आणि उजेडी जा. दिवस मावळला की टाकळा पानं मिटून घेतो.