तारेवरचे तीन पंथ

श्रोतेहो, नमस्कार. १९८५च्या सुमारास अमेरिकेत साध्या टेलिफोनवरून दोन संगणक जोडायचे, तर हाताशी वेग असे सेकंदाला २४०० बिट. त्यापुढचं मानक, ९६०० बिटांचं व्ही.३२, सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८४मध्येच ठरवलं होतं. पण ते होतं कागदावर. व्ही.३२मध्ये दोन्ही मोडेम, म्हणजे संगणकाची माहिती आवाजात बदलून तारेवर पाठवणारे डबे, १८०० हर्ट्झच्या एकाच वाहकलहरीवर, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या सुरावर, एकाच वेळी बोलतात. त्यामुळे आपलाच आवाज परत येतो आणि तो येणाऱ्या संदेशातून वजा करावा लागतो. एक प्रतिध्वनी जवळच्या एक्स्चेंजमधून येतो, दुसरा पलीकडच्या टोकाकडून. वाटेत उपग्रह असला तर हा दुसरा अर्ध्या सेकंदानं उगवतो. ही वजाबाकी न थांबता करणारी चिप तेव्हा परवडणारी नव्हती.

ही वजाबाकी टाळायची कशी, याची उत्तरं मग कंपन्यांनी आपापली काढली. पॉल बॅरन यांच्या टेलिबिट कंपनीचा ट्रेलब्लेझर १९८५मध्ये आला. त्याच्या पद्धतीचं नाव पेप. एका वाहकलहरीऐवजी जवळजवळ ५१२ बारीक लहरी, प्रत्येकीत साधारण ८ हर्ट्झचं अंतर. जोडणी होताना मोडेम आधी लाइन तपासतो. जी लहर स्वच्छ, तिच्यावर ६ बिट, जरा खराब तिच्यावर ४ किंवा २, अगदीच गोंगाट असला तर शून्य. खरखरीच्या ट्रंक लाइनवर इतर मोडेम हात टेकत, तिथे पेप नुसता थोडा मंदावे. चांगल्या लाइनवर हाच मोडेम १४,०००च्या पुढे जाई.

खोट एकच, पण मोठी. पेपमध्ये एका वेळी एकच बाजू बोलते आणि बाजू पालटायला वेळ लागतो. युनिक्स संगणकवाल्यांची डाक यूयूसीपी या फोनवरून फाइली पोचवणाऱ्या प्रणालीने जाई. तिचा ‘जी’ प्रोटोकॉल, म्हणजे देवघेवीचा नियम, साधारणपणे ६४ बाइटांची तीन पाकिटं पाठवी आणि पोचपावतीची वाट पाही. म्हणजे क्षणभरात १९२ बाइट जाणार, आणि मग मोडेम थांबून पावतीसाठी दिशा पालटणार. टेलिबिटने यावर सरळ थाप मारली: जवळचा मोडेमच संगणकाला पावती देऊन टाकी, आणि पलीकडून येणारी खरी पावती तारेवर चढूच देत नसे. त्यासाठी मोडेमच्या सेटिंगांपैकी एस १११ या कप्प्यात ३० भरायचं, पेपसाठी एस ५०मध्ये २५५, आणि संगणकाकडचा वेग अडकवून ठेवायला एस ६६मध्ये १. संगणक आणि मोडेम यांनी एकमेकांना ‘थांब’, ‘चालू कर’ सांगायचं, म्हणजे प्रवाहनियंत्रण, ते आरटीएस-सीटीएस या वेगळ्या तारांवरूनच हवं. त्याऐवजी माहितीतच खुणेचे बाइट घालणारं एक्सऑन-एक्सऑफ ठेवलं की १७ आणि १९ क्रमांकांचे बाइट, जे डाकेत कुठेही येऊ शकतात, मोडेम खुणा समजून गिळतो, आणि पाकिटं पुन्हापुन्हा जात राहतात.

आणखी एक अडचण फोन उचलताना येई. पेपचे सूर आधी वाजले की २४००चे जुने मोडेम गोंधळून फोन ठेवत. एस ९२मध्ये १ भरलं की पेपचे सूर शेवटी वाजतात. ही एक नोंद विसरल्यामुळे किती फोन वाया गेले असतील!

यूएस रोबोटिक्सचा हिशेब वेगळा होता. १९८६च्या त्यांच्या एचएसटी मोडेममध्ये एका दिशेने ९६००, उलट दिशेने जेमतेम ३००, पुढे ४५०. फाइल एकीकडेच जाते, पावतीला एवढं पुरतं. बुलेटिन बोर्ड, म्हणजे फोन करून जोडून घ्यायचे निरोप आणि फाइलींचे संगणक, चालवणाऱ्यांना कंपनीने हे मोडेम सवलतीत विकले. बोर्डावर एचएसटी आला की फोन करणाऱ्यालाही तोच घ्यावा लागे. धंद्याच्या दृष्टीने चाल पक्की होती, पण ग्राहक त्यात अडकला. दोन्हीकडून एकदम फाइली पाठवल्या की मात्र एका बाजूला सेकंदाला ४५ अक्षरं उरत. हेज या मोडेम कंपनीनेही स्वतःची तिसरी पद्धत काढली होती. या तिघांपैकी एकही दुसऱ्याशी वेगात बोलू शकत नसे. जोडणी झालीच तर २४००वर.

पुढे चिपा स्वस्त झाल्या, १९९१मध्ये १४,४००चं व्ही.३२बिस आलं, आणि खासगी पद्धतींचं कारणच संपलं. यूएस रोबोटिक्सने एचएसटी आणि व्ही.३२ दोन्ही जाणणारा ‘ड्युअल स्टँडर्ड’ काढला, टेलिबिटने पेप आणि व्ही.३२ एकाच डब्यात घातले. चुकांची दुरुस्ती मात्र उलट वाटेने आली: मायक्रोकॉम कंपनीची एमएनपी ही खासगी पद्धत व्ही.४२ या मानकात परिशिष्ट म्हणून शिरली. माहिती दाबून लहान करण्याच्या बाबतीत एमएनपी ५पेक्षा व्ही.४२बिस निश्चित बरं, कारण आधीच झिप केलेली फाइल एमएनपी ५ फुगवून ठेवी, व्ही.४२बिसला ती जशीच्या तशी सोडता येते.

१९९७मध्ये सेकंदाला ५६ हजार बिटांच्या वेगावर एक्स२ आणि के५६फ्लेक्स या दोन खासगी पद्धतींचं तेच भांडण पुन्हा जुंपलं, पण या वेळी १९९८मध्ये व्ही.९० या मानकाने ते मिटवलं. पेप मोडेमबरोबर गेला खरा, तरी त्याची कल्पना टिकली. फोनच्या तारेवरून इंटरनेट देणाऱ्या एडीएसएलमध्येही २५६ लहरी असतात, प्रत्येकीवर किती बिट टाकायचे ते लाइन तपासूनच ठरतं, आणि हे सगळं खुल्या मानकात लिहिलेलं आहे.