चाई आणि ताटातले पथ्य

[दृश्य : ट्रायकोस्कोपच्या पडद्यावर टाळूचा मोठा केलेला भाग]

पडद्यावर दिसणारा भाग प्रत्यक्षात जेमतेम एका नखाएवढा आहे. मधोमध असलेला आखूड केस नीट पाहावा. टोकाशी तो जाड आहे आणि त्वचेकडे येताना निमुळता होत गेला आहे. त्वचारोगतज्ज्ञ त्याला उद्गारचिन्हासारखा केस म्हणतात आणि चाईच्या, म्हणजे डोक्यावरचे केस चकत्यांनी गळण्याच्या विकाराच्या, निदानात त्याला मोठे महत्त्व देतात. भोवतालचे पिवळे ठिपके म्हणजे केस गळून गेल्यावर तेलकट द्रव्याने भरलेली रोमछिद्रे, आणि काळे ठिपके म्हणजे त्वचेच्या पातळीवरच तुटलेले केस. त्वचा मात्र गुळगुळीत आहे, तिच्यावर खपली नाही आणि व्रणही नाही.

आपल्याकडे अजूनही 'केसांना किडा लागला' असे म्हणण्याची आणि त्या जागी लसूण चोळण्याची रीत आहे. इथे किडा कुठेच नाही. वाढीच्या अवस्थेत असलेल्या केसाच्या मुळाला शरीराच्या प्रतिकारशक्तीपासून एरवी एक प्रकारचे अभय असते, कारण त्या जागी पेशींची ओळख पटवणारी चिन्हे मुद्दाम कमी ठेवलेली असतात. चाईमध्ये हे अभय संपते, सीडी 8 जातीच्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, मुळाभोवती गोळा होतात आणि केस अर्ध्यावरच वाढ सोडून गळून पडतो. मूळ स्वतः मात्र बहुधा जिवंत राहते, आणि केस परत येण्याची शक्यता त्यामुळेच कायम राहते. जगात सुमारे 2 टक्के लोकांना आयुष्यात केव्हा तरी हा विकार होतो.

[दृश्य : सिंहगड रस्त्यावरील एका घरातील स्वयंपाकघर, फळीवरील डबे, वहीत लिहिणारा हात]

या तरुणीने चेहरा दाखवू नये अशी विनंती केली आहे, म्हणून आपण तिचे हात आणि तिची वही पाहत आहोत. वहीच्या डाव्या बाजूला तिने सोडलेले पदार्थ आहेत. आधी गहू सुटला, मग दूध, त्यानंतर वांगे, टोमॅटो, बटाटा आणि मिरची, आणि शेवटी तूरडाळ. उजव्या बाजूला तिने सुरू केलेल्या गोष्टी आहेत : बायोटिन या ब गटातील जीवनसत्त्वाच्या गोळ्या, झिंक, आतड्याच्या शुद्धीचे एक चूर्ण आणि डबाबंद प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंचे पूरक. यातील एकही ओळ डॉक्टरांनी लिहिलेली नाही. तिची आई एवढेच म्हणाली, "अहो, हिच्या ताटात आता वाढायचं तरी काय?"

आहाराचा आणि चाईचा संबंध आहे का, हा प्रश्न या वहीमुळे पोरकट ठरत नाही. तो खरा प्रश्न आहे आणि त्याला उत्तराचा काही भागही आहे. मात्र ते उत्तर सोडलेल्या पदार्थांच्या यादीत सापडत नाही.

[दृश्य : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील रस्ता, वडाची झाडे, त्यानंतर एका प्रयोगशाळेतील ऑक्सिजनविरहित कक्ष, रबरी हातमोज्यांत घातलेले हात]

या आवारात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स ही संस्था आहे, आणि भारतीय माणसाच्या आतड्यातील जिवाणूंवरचे महत्त्वाचे काम डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथून केले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांनी, आगरकर रस्त्यावरील आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांच्या सोबतीने, एकत्र कुटुंबातील तीन पिढ्यांच्या आतड्यातील जिवाणूंची तुलना केली. एकच चूल, एकच पाणी आणि तरीही वयानुसार बदलत जाणारे जिवाणू, असा तो विषय होता. 2016 च्या दुसऱ्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे गट ठळकपणे आढळले. प्रिव्होटेलाचे प्रमाण धान्य, डाळी आणि भाज्या भरपूर खाणाऱ्या समाजांत जास्त दिसते. परदेशी माणसांवरून तयार झालेली 'चांगल्या जिवाणूं'ची यादी पुण्याच्या पोटाला जशीच्या तशी लावणे म्हणूनच धाडसाचे आहे.

आपण पाहत असलेल्या काचेच्या कक्षातील हवा काढून तिच्या जागी नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन भरलेला असतो, कारण आतड्यात राहणाऱ्या बहुतेक जिवाणूंना प्राणवायू सोसत नाही. संशोधकाचे हात कक्षाच्या भिंतीला जोडलेल्या लांब हातमोज्यांतून आत जातात. बशीवरील वसाहत सुईने उचलणे, ती नव्या बशीवर रेघेने पसरवणे आणि झाकण लावणे, हे सारे त्या जाड रबरातूनच करावे लागते. हे जिवाणू आपल्याला न पचलेले तंतुमय पदार्थ आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी लहान आम्ले तयार होतात. ही आम्ले उंदरांच्या आतड्यात नियंत्रक टी पेशींची वाढ घडवून आणतात, हे 2013 मध्ये एकापेक्षा अधिक प्रयोगशाळांनी दाखवले. प्रतिकारशक्तीला आवर घालणे हे या पेशींचे काम आहे. पुढे 2017 मध्ये, पुन्हा उंदरांतच, असे दिसले की त्वचेतील नियंत्रक टी पेशी केसांच्या मूळपेशींना वाढीला प्रवृत्त करतात.

ही दोन टोके जोडून 'भाकरी खा, केस उगवतील' असे म्हणण्याचा मोह होतो, पण मधला दुवा माणसांत सिद्ध झालेला नाही. त्वचेतल्या नियंत्रक पेशींना आतड्यातले ब्युटिरेट चाईच्या रुग्णांत किती बळ देते, हे दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. 2017 मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. दोघांच्याही अंगावरचे जवळजवळ सगळे केस गेलेले होते, आतड्याच्या एका हट्टी संसर्गासाठी त्यांना निरोगी व्यक्तीच्या विष्ठेतील जिवाणू देण्यात आले आणि त्यानंतर केस उगवू लागले. ही नोंद कुतूहल जागवणारी आहे आणि पुढील संशोधनाला दिशा देणारी आहे, परंतु दोन माणसांवरून उपचार ठरत नाही. थोड्या ठिकाणी चाई पडलेल्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्म्या लोकांचे केस वर्षभरात आपोआप परत येतात, त्यामुळे त्या वर्षात जे काही खाल्ले किंवा सोडले असेल, त्यालाच श्रेय मिळून जाते.

[दृश्य : पेठेतील पिठाची गिरणी, सुपातून खाली उतरणारी ज्वारी, हौदाच्या कडेला साचलेले पांढरे पीठ]

गहू आणि चाई यांचा संबंध मात्र अफवेपलीकडचा आहे, आणि तो सांगण्यासाठी ही गिरणी योग्य जागा आहे. 1995 मध्ये इटलीतील संशोधकांनी चाईच्या 256 रुग्णांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी तिघांना सीलिअॅक हा आतड्याचा विकार असल्याचे आढळले, आणि तो त्यांना स्वतःला माहीतही नव्हता. या विकारात गव्हातील ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तरावर शरीर स्वतःच हल्ला करते. 2010 मध्ये चाईच्या जनुकांचा व्यापक शोध घेतला गेला, तेव्हा सीलिअॅक, टाइप 1 मधुमेह आणि संधिवाताशी तिचे काही धागे सामाईक असल्याचे दिसून आले. आतडे आणि टाळू यांच्यातील सर्वांत भक्कम नाते आजच्या घडीला हेच आहे, आणि सीलिअॅक असलेल्या काही रुग्णांत गहू बंद केल्यावर केसही परत आल्याच्या नोंदी आहेत.

256 मध्ये तीन, हा आकडा मात्र डोळ्यांसमोर ठेवावा. चाईच्या बहुसंख्य रुग्णांना सीलिअॅक नसतो आणि त्यांनी गहू सोडल्याने केस येतात असा पुरावा नाही. भारतातही सीलिअॅकचे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रक्तात या विकाराची प्रतिपिंडे असलेल्यांचे प्रमाण उत्तरेत 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के आढळले. पुण्यात आता सगळ्या प्रांतांतली कुटुंबे राहतात, तेव्हा पोट फुगणे, वारंवार जुलाब, न हटणारा अशक्तपणा किंवा घरात कोणाला सीलिअॅक असणे, यांपैकी काही असेल तर ही प्रतिपिंडे शोधणारी रक्ताची टीटीजी आयजीए ही चाचणी जरूर करावी. ती गहू चालू असतानाच करायची असते. गहू काही महिने सोडून मग चाचणी केली तर प्रतिपिंडे घटलेली असतात, अहवाल निर्दोष येतो आणि खरा आजार लपून राहतो. हे वाक्य या संपूर्ण चित्रफितीतले सर्वांत उपयोगाचे वाक्य आहे असे आम्हाला वाटते, म्हणून ते पुन्हा सांगतो : आधी चाचणी, मग पथ्य.

ज्यांचे निदान पक्के झाले आहे, त्यांच्यासाठी हौदाच्या कडेला साचलेले हे पीठ महत्त्वाचे आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत ग्लुटेन नसते, पण गव्हाच्या मागोमाग त्याच जात्यावर ज्वारी दळली की गव्हाचे पीठ तिच्यात उतरते. 'ग्लुटेनमुक्त' असे लिहिण्यासाठी आपल्या अन्नसुरक्षा नियमांत किलोला 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. सामाईक गिरणीतले पीठ ती सहज ओलांडू शकते. फोडणीतला हिंगही तपासून घ्यावा, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो.

[दृश्य : आंबिलीची तयारी, रात्री भिजवलेले पीठ, सकाळचे बुडबुडे, पातेल्यातील डाव]

ही ज्वारीची आंबील आहे. रात्री ज्वारीचे पीठ ताकात कालवून, गुठळ्या मोडून, मातीच्या भांड्यात झाकून ठेवले होते. सकाळी पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसतात आणि आंबूस वास येतो. लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंनी रात्रभर केलेले हे काम आहे. आधणात लसूण, जिरे आणि मीठ घालून त्यात हे आंबवण धार धरून सोडतात आणि डाव सतत फिरता ठेवतात, नाहीतर तळाशी लागते. पीठ शिजले की त्याला चकाकी येते आणि डावावरून ते एकसंध घसरू लागते. मग पातेले खाली उतरवून ते कोमट होईपर्यंत थांबावे लागते आणि त्यानंतर ताजे ताक मिसळावे लागते. ही वाट पाहणे पाककृतीपुरते नाही : उकळताना रात्रीचे जिवाणू मरतात आणि जिवंत जिवाणू पोटात जातात ते नंतर घातलेल्या ताकातून. शिजवून निवलेल्या धान्यातील काही पिष्ट पचायला कठीण होते आणि ते मोठ्या आतड्यातील जिवाणूंच्या वाट्याला येते.

आंबील चाई बरी करते, असा दावा आम्ही करत नाही. पण जिच्या ताटातून डाळ, भाजी आणि धान्य एकेक करून निघून गेले, तिच्या आतड्यातील जिवाणूंची उपासमार होते, आणि तिच्या घरात आधीच असलेले अन्न डबाबंद चूर्णापेक्षा त्यांना जास्त उपयोगी आहे, हे आम्ही ठामपणे म्हणतो. मटकीची उसळ, शेंगांची भाजी, भाकरी, ताक हे काही औषध नाही. ते जेवण आहे, आणि आजारी माणसाला जेवणाची गरज निरोग्यापेक्षा कमी नसते.

[दृश्य : फळीवरील गोळ्यांच्या बाटल्या, एकीचे लेबल जवळून]

चाईच्या रुग्णांत ड जीवनसत्त्व सरासरीने कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. लोह आणि झिंक यांबाबतचे निष्कर्ष संमिश्र आहेत. कमतरता मोजून भरून काढणे योग्य, न मोजता गोळ्या घेणे अयोग्य. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम अति झाले तर त्यांच्यामुळेच केस गळतात. 2025 च्या सुरुवातीला बुलडाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात अनेक गावकऱ्यांचे केस काही दिवसांत गेले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील जास्तीच्या सेलेनियमकडे लक्ष वेधले होते. ती चाई नव्हती, पण अन्नातून मिळणारे पोषक द्रव्यही मापाबाहेर गेले की काय करू शकते, याकडे त्या घटनेने सर्वांचे लक्ष वळवले. बायोटिनची अडचण आणखी वेगळी आहे. मोठ्या मात्रेत ते घेतले तर रक्तातील थायरॉईडच्या चाचण्या चुकीच्या येऊ शकतात, आणि चाईच्या रुग्णांत थायरॉईडचे विकार जास्त दिसत असल्यामुळे नेमकी तीच चाचणी त्यांना सांगितली जाते.

[दृश्य : दवाखान्यात टाळूवर दिले जाणारे इंजेक्शन]

उपचार आहेत. लहान चकत्यांत स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता मिळाली, आणि तिच्या मोठ्या चाचण्यांत जास्त मात्रा घेणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून थोड्या अधिक रुग्णांच्या टाळूचा किमान 80 टक्के भाग 36 आठवड्यांनी केसांनी भरलेला होता. ती महाग आहे, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायची नाही, आणि पथ्याच्या नादात उपचार लांबणीवर पडले तर जुनी चाई अधिक हट्टी होते.

[दृश्य : तपासणीचे अहवाल, वहीचे नवे पान]

वही असलेल्या तरुणीने चाचणीसाठी डॉक्टरांच्या सांगण्यावरून गहू काही आठवडे पुन्हा खाल्ला. टीटीजीचा अहवाल निर्दोष आला, ड जीवनसत्त्व कमी निघाले आणि त्याची मात्रा डॉक्टरांनी लिहून दिली आहे. पोळी, तूरडाळ आणि दूध पुन्हा सुरू झाले आहे, चकत्यांवर इंजेक्शने चालू आहेत, आणि थायरॉईडची चाचणी पुन्हा होईपर्यंत बायोटिन बंद ठेवायचे आहे.