खापरे सापडली म्हणजे घर सापडले का?

रोमन साम्राज्यातील बहुसंख्य माणसे शेतात राबून जगत होती, पण त्यांनी स्वतःविषयी लिहिलेले आपल्या हाती जवळजवळ काहीच नाही. शेतीवर ज्यांनी ग्रंथ लिहिले ते केटो, व्हॅरो आणि कोलुमेला हे मोठ्या जमिनींचे मालक होते. पुरातत्त्वज्ञांची कुदळही बराच काळ त्यांच्यासारख्यांच्या वाड्यांवरच चालली, कारण तिथे रंगवलेल्या भिंती आणि कुट्टिमचित्रे, म्हणजे रंगीत खड्यांनी फरशीत जडवलेली चित्रे, मिळत. कुळांचे, मजुरांचे, दोन-चार बिघे कसणाऱ्यांचे काय, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आज त्या प्रश्नाला थेट भिडलेल्या एका उत्खननाविषयी मी बोलणार आहे.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत यंत्राने खोल नांगरट सुरू झाली आणि शतकानुशतके मातीखाली दबलेली खापरे व कौलांचे तुकडे वर आले. रोमच्या उत्तरेकडील दक्षिण एत्रुरिया भागात पुरातत्त्वज्ञ जॉन वॉर्ड-पर्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकापासून नांगरलेली शेते पायी तुडवून या खापरांची नोंद केली. पुढे ही पद्धत सर्वत्र रुजली. खापरांचा मोठा पसारा असेल तर तो जमीनदाराचा वाडा आणि लहान पसारा असेल तर ते शेतकऱ्याचे घर, असा संकेतही तिच्याबरोबर रूढ झाला. नकाशावरचे ठिपके मोजून लोकसंख्येचे अंदाज बांधले गेले. मात्र लहान ठिपक्यांपैकी फारच थोडे कोणी खणून पाहिले होते.

ते काम इटलीतील तोस्काना प्रदेशाच्या दक्षिण भागात, ग्रोसेतो प्रांतातील चिनिज्यानो परिसरात २००९ ते २०१४ या काळात झाले. पुरातत्त्वज्ञ किम बोव्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सर्वेक्षणात मिळालेले असे लहान पसारे एकामागून एक उघडले. इथे मला जरा थांबावेसे वाटते, कारण जे निघाले ते अपेक्षेहून फार वेगळे होते. कोल्ले मास्सारी येथे घराचा पाया नव्हता. तिथे शेतातले पाणी काढून देण्यासाठी खणलेला चर होता. पोज्जो देल्लामोरे येथील लहानसे बांधकाम उत्खनकांच्या मते राहण्याचे नव्हते, ते बहुधा गुरांसाठी होते. काझे नुओवे येथे घाणा आणि पाण्याचे टाके मिळाले, म्हणजे ती शेतमालावर प्रक्रिया करण्याची जागा होती. वरून पाहता मात्र या साऱ्यांची खूण एकच होती, ती म्हणजे मूठभर खापरे.

याचा अर्थ असा, की त्या शेतकऱ्याचे जगणे एका छपराखाली मावत नव्हते. घर एकीकडे, गोठा दुसरीकडे, घाणा तिसरीकडे आणि चर उतारावर, अशी त्याची रोजची ये-जा होती, आणि त्यातल्या काही जागा वर्षातून काही आठवडेच गजबजत असाव्यात. आपल्याकडे गावात घर, शेतात खोपट आणि कडेला खळे अशी मांडणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन उमगेल. विद्वानांना ते उमगायला वेळ लागला, कारण एकाकी वस्तीत जेमतेम पोटापुरते पिकवणारे कुटुंब हे चित्र त्यांच्या मनात आधीच पक्के झाले होते.

त्या चित्राचा दुसरा भाग परागकणांनी बदलला. मातीतून वेगळे केलेले परागकण सांगतात, की या परिसरात धान्याच्या शेतांबरोबर चराऊ जमीनही भरपूर होती. यावरून संशोधकांनी धान्य, शेंगावर्गीय पिके आणि चारा यांची फेरपालट होत असल्याचे अनुमान काढले. आपला शेतकरी ज्याला बेवड म्हणतो, ती जाण यामागे दिसते. ल्युपिनसारख्या शेंगावर्गीय पिकांनी जमीन सुपीक होते, हे कोलुमेला इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहितो, आणि या उत्खननापर्यंत हे शहाणपण फक्त मोठ्या जमीनदारांच्या ग्रंथातले मानले जात असे. गरीब माणसाची शेती मागासच असणार, हा समज मला मुळातच अन्यायाचा वाटत आला आहे, आणि इथे त्याला मातीतूनच उत्तर मिळाले.

शेवटी पिएविना या ठिकाणाकडे वळतो. तिथे रोमन गणराज्याच्या अखेरीस आणि साम्राज्याच्या आरंभी, म्हणजे इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे, कौले भाजण्याची भट्टी, पाण्याचे टाके आणि धान्याचे कोठार होते. पुढे काही शतकांनी, चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास, त्याच जागी शेतकऱ्याचे खरोखरचे घर उभे राहिले. दोन्ही काळांची खापरे नांगराने एकाच मातीत मिसळली होती, आणि सर्वेक्षणाच्या नकाशावर त्या सगळ्याचा मिळून एकच ठिपका पडला होता.